ओव्हरक्लॉकिंगसाठी सेफ व्होल्टेज नक्की किती? १.४० व्होल्ट टाकून बसलेल्यांसाठी सविस्तर उत्तर

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. त्यावर आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: इंटेलचा आय५-१३६००के प्रोसेसर, सगळे पी-कोअर (मोठे, वेगवान कोअर) ५.५ गिगाहर्ट्झवर, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) व्हीकोअर म्हणजे कोअरचं व्होल्टेज १.४० व्होल्ट फिक्स, एलएलसी म्हणजे लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोडमध्ये व्होल्टेज किती पडू द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) सगळ्यात वरच्या लेव्हलला, गेममध्ये तापमान ७५ च्या आसपास, स्ट्रेस टेस्टमध्ये ९५ च्या पुढे, आणि अजून एकदाही क्रॅश नाही. एक जण म्हणतो इंटेलच्या कागदातच १.७२ लिहिलंय, बिनधास्त चालव. दुसरा म्हणतो १.३० च्या वर गेलास की चिप गेली म्हणून समज. मग खरं कोणाचं?

दोघांचंही नाही. नुसतं १.४० ऐकून मी हो किंवा नाही असं काहीच सांगणार नाही, पण त्याच्या शेजारी जे "एलएलसी सगळ्यात वर" लिहिलंय ते वाचून मात्र सांगतो की हे सेटिंग रोजच्या वापराला ठेवू नका, आजच खाली आणा. का ते खाली सांगतो, जरा लांबण लागेल.

आधी तो १.७२ चा विषय संपवू. स्कायलेकपासून (इंटेलची सहावी पिढी) पुढे कितीतरी वर्षं इंटेलच्या डेटाशीटमध्ये व्हीकोअरची रेंज ० ते १.५२ व्होल्ट अशी छापलेली असायची आणि लोक तोच आकडा "इंटेलने मान्य केलेली लिमिट" म्हणून एकमेकांच्या तोंडावर मारायचे. हा १.५२ येतो कुठून बघा. प्रोसेसर मदरबोर्डच्या व्हीआरएमला (त्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटला) "मला एवढं व्होल्टेज दे" असं सांगतो ते आठ बिटच्या एका नंबरने, त्यालाच व्हीआयडी म्हणतात. नंबर १ म्हणजे ०.२५ व्होल्ट, पुढची प्रत्येक पायरी ५ मिलिव्होल्टची, शेवटचा नंबर २५५. म्हणजे २५४ पायऱ्या, त्याचे झाले १.२७ व्होल्ट, त्यात सुरुवातीचे ०.२५ मिळवा, आले १.५२. संपलं, एवढंच! तिथे टेबल संपतं. नव्या पिढ्यांच्या शीटमध्ये १.७२ दिसतं, तेही सिस्टिम कुठपर्यंत पोचू शकते त्याचं टोक आहे. शिंप्याच्या टेपवर १५० पर्यंत आकडे असतात म्हणून कोणी कंबर तेवढी करायला जात नाही. आणि १.७२ खरंच सुरक्षित असतं तर २०२४ मध्ये इंटेलला ०एक्स१२९ मायक्रोकोड (चिपच्या आतला प्रोग्राम, बायोस अपडेटमधून येतो) काढून १.५५ च्या वरची मागणी अडवायची वेळ आली असती का? त्यावर पुढे येतोच.

आता मुद्द्याचं. बायोसमध्ये तुम्ही टाकता तो आकडा आणि सिलिकॉनला पोचतं ते व्होल्टेज हे दोन वेगळे प्राणी आहेत, आणि सेफ व्होल्टेजवरच्या नव्वद टक्के भांडणांमध्ये दोन माणसं दोन वेगळ्या आकड्यांबद्दल बोलत असतात. लोड आला की व्होल्टेज खाली बसतं, त्याला व्हीड्रूप म्हणतात, आणि तो दोष नाही, मुद्दाम ठेवलेली गोष्ट आहे. तेराव्या पिढीच्या या चिपांसाठी इंटेलची लोडलाइन, म्हणजे करंटप्रमाणे व्होल्टेज किती पडायचं ते प्रमाण, १.१ मिलिओहम धरलेली आहे. समजा तुम्ही १.३५ व्होल्ट लावलं आणि लोडमध्ये १५० अँपिअर ओढले गेले, तर १५० गुणिले १.१ म्हणजे १६५ मिलिव्होल्ट खाली, कोअरला मिळाले १.१८५. आता तुमचं सेटिंग घ्या. एलएलसी सगळ्यात वर म्हणजे ड्रूप जवळपास शून्य, १.४० लावले तर पूर्ण लोडमध्येसुद्धा १.४० च. बायोसच्या पडद्यावर या दोन सेटिंगच्या आकड्यात फरक फक्त ५० मिलिव्होल्टचा, लोडमध्ये तो २०० च्या वर. त्यामुळे कोणी "मी १.४० वर दोन वर्षं चालवतोय काही झालं नाही" म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा, लोडमध्ये किती दिसतं?

बरं, ड्रूप काढून टाकला तर बिघडतं काय, उलट स्थिर व्होल्टेज चांगलंच की, असं वाटतं. मलाही वाटायचं. गंमत लोड सुटताना होते. स्ट्रेस टेस्ट थांबली किंवा गेममध्ये लोडिंग स्क्रीन संपली की १५० अँपिअरवरून करंट एकदम १०-२० वर येतो, पण व्हीआरएमच्या कॉइलमध्ये जी एनर्जी साठलेली असते ती कुठेतरी जायलाच हवी, ती कपॅसिटरमध्ये जाते आणि क्षणभर व्होल्टेज वर उसळी मारतं. ड्रूप असेल तर लोडमधलं व्होल्टेज आधीच खाली असतं, उसळी मारली तरी ती साधारण तुमच्या सेट आकड्याच्या आतबाहेरच राहते. ड्रूप काढून टाकलात की उसळी १.४० च्या वरून सुरू होते. हे मल्टीमीटरवर कधीच दिसणार नाही कारण मीटर सरासरी दाखवतो, सॉफ्टवेअर तर सेकंदाला एकदा-दोनदा वाचतं, त्यालाही दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. म्हणून मी एलएलसी मधल्या लेव्हलला ठेवतो आणि गरज पडली तर सेट व्होल्टेज थोडं जास्त देतो. लोडमधला आकडा तोच मिळतो, उसळी कमी. लेव्हलची नावं प्रत्येक बोर्डावर वेगळी, काहींमध्ये १ म्हणजे सगळ्यात कडक आणि काहींमध्ये १ म्हणजे सगळ्यात सैल, तेव्हा आंधळेपणाने दुसऱ्याचा नंबर कॉपी करू नका, लावा आणि लोडमध्ये काय होतं ते बघा.

आणि बघायचं कुठे, तर तिथेही गोंधळ आहे. मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये व्हीआयडी दिसतो तो मागणीचा आकडा, मिळालेला नाही. व्हीकोअर म्हणून जो दिसतो तो मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपने मोजलेला असतो, आणि तिने तो कुठे मोजलाय यावर सगळं अवलंबून. बऱ्याच बोर्डांवर सॉकेटच्या मागून मोजतात, तिथून सिलिकॉनपर्यंत जाताना अजून थोडं पडतं, म्हणजे लोडमध्ये स्क्रीनवरचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त. काही बोर्डांवर डाय-सेन्स (थेट सिलिकॉनपाशी मोजणं) असतो, तो खरा. काहींवर व्हीआर व्हीआउट असं वेगळं रीडिंग मिळतं, थेट व्हीआरएम कंट्रोलरकडून आलेलं. मिळत असेल तर तेच धरा. मी एकदा उत्सुकतेपोटी एका जुन्या बोर्डाच्या मागच्या बाजूने कपॅसिटरच्या पायांवर मीटरच्या पिना टेकवून मोजलं होतं, सॉफ्टवेअर १.३४४ आणि १.३६० च्या मध्ये उड्या मारत होतं आणि मीटर शांतपणे १.३२ दाखवत होता. उड्या का, तर त्या बोर्डाचा सेन्सर १६ मिलिव्होल्टच्या पायरीनेच मोजू शकत होता, मधलं काही त्याला दिसतच नव्हतं. (पिन घसरली तर दोन पाय शॉर्ट होतात आणि मग व्होल्टेजची चिंता कायमची मिटते, तेव्हा हात थरथरत असेल तर करू नका.)

आता चिप मरते कशाने. लोकांच्या डोक्यात चित्र असतं की एक रेष आहे, तिच्या पलीकडे गेलं की फट् आवाज आणि धूर. तसं फार क्वचित होतं. रोजच्या ओव्हरक्लॉकिंगमध्ये चिप हळूहळू म्हातारी होते. दोन-तीन गोष्टी एकत्र चालू असतात. एक, इलेक्ट्रोमायग्रेशन: चिपच्या आत ज्या अतिबारीक तारा आहेत त्यातून इतका करंट जातो की इलेक्ट्रॉनच्या धक्क्याने धातूचे अणूच जागचे सरकतात, कुठे पोकळी होते कुठे फुगवटा. याचं गणित जेम्स ब्लॅकने १९६९ मध्ये मांडलं, त्यात तारेचं आयुष्य करंट डेन्सिटीच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात कमी होतं आणि तापमानाने घातांकी वेगाने. म्हणजे करंट २० टक्के वाढला तर आयुष्य ३० टक्क्यांनी घटलं, आणि ते तापमान तेवढंच राहिलं तर, जे कधी राहत नाही. दुसरं, ट्रान्झिस्टरच्या गेटखाली जो इन्सुलेटरचा पातळ थर असतो तो व्होल्टेजच्या ताणाने थकतो, ट्रान्झिस्टरला चालू व्हायला आधीपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज लागायला लागतं. याचा परिणाम तुम्हाला दिसतो तो असा की काल जी चिप ५.३ ला १.२६ वर चालत होती तिला आज १.२८ मागावे लागतात. यालाच डिग्रेडेशन म्हणतात.

म्हणजे नुसतं व्होल्टेज असं काही नसतंच, व्होल्टेज, करंट, तापमान आणि किती तास हे चारही एकत्र. म्हणूनच एकाच चिपला १.४० चालतं आणि चालत नाही, दोन्ही खरं. एक कोअर हलक्या कामाला क्षणभर ५.१ वर जातो, १.४० मागतो, करंट २०-३० अँपिअर, तापमान ५०, काही बिघडत नाही, कंपनीने हेच गृहीत धरलेलं असतं. तेच व्होल्टेज सगळ्या कोअरना, १७० अँपिअरला, ९५ डिग्रीवर, रोज चार तास रेंडर करताना द्याल तर गोष्ट वेगळी. २०१९ मध्ये एएमडीचे रायझन ३००० आले तेव्हा लोकांची झोप उडाली होती, नुसतं डेस्कटॉप उघडा ठेवला तरी १.४५, १.४८ असे आकडे दिसतात म्हणून. मग लोक घाबरून हाताने १.३५ फिक्स करायचे आणि वाटायचं आपण चिप वाचवली. झालेलं उलट. स्वतःच्या मर्जीवर सोडलं असतं तर ती चिप हलक्या कामाला १.४५ आणि पूर्ण लोडला १.३० च्या आतबाहेर, कधी त्याच्याही खाली आली असती, यांनी पूर्ण लोडलाही १.३५ लावून दिले. आतले सेन्सर करंट-तापमान बघून सेकंदात शेकडो वेळा निर्णय घेतात, फिक्स आकडा टाकला की ते सगळं बाजूला राहतं.

माझ्या स्वतःच्या चिपचं सांगतो, कारण डिग्रेडेशन कसं दिसतं हे वाचून कळत नाही. सहा कोअरची १४ नॅनोमीटरची चिप होती, ५.० गिगाहर्ट्झ, १.३८ फिक्स, एलएलसी जवळपास सपाट. हो, मीच, तेव्हा अक्कल नव्हती. रात्री व्हिडिओ रेंडर लावून झोपायचो. दोन वर्षं एकही निळी स्क्रीन नाही. मग एक दिवस मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर, म्हणजे फाइलमधला डेटा तपासणीत जुळला नाही. फाइल खराब असेल म्हणून परत डाउनलोड केली, परत एरर, तिसऱ्यांदा मात्र व्यवस्थित उघडली. मी रॅमला दोष दिला, स्टिक अदलाबदल करून बघितल्या, रात्रभर मेमटेस्ट चालवला, शून्य एरर. महिनाभराने सहज इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची एररची नोंदवही) उघडला तर व्हीआ-लॉगर म्हणजे हार्डवेअर एररची नोंद, इव्हेंट आयडी १९, दिवसाला पाच-सहा. हा दुरुस्त केलेला हार्डवेअर एरर असतो, म्हणजे चिप चुकली आणि चिपनेच सावरून घेतलं, तुम्हाला कळतही नाही. व्होल्टेज १.३८ वरून १.४१ केलं, एरर गायब, मी खूश. चार महिन्यांनी परत सुरू. मग क्लॉक वॉचडॉग टाइमआउट, म्हणजे थेट निळी स्क्रीन. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की मी प्रत्येक वेळी औषध म्हणून विषाचाच डोस वाढवतोय. शेवटी ४.७ वर आणून ठेवली, तिथे ती अजून चालते. मेली नाही, पण जे ३०० मेगाहर्ट्झ मी कमावले होते ते सगळे परत दिले.

तेव्हा क्रॅश होत नाही म्हणजे सगळं ठीक हे डोक्यातून काढा. ५.५ वर तुमची चिप आज स्थिर आहे एवढंच त्यातून कळतं, ती किती वेगाने झिजतेय हे नाही.

जुन्या लोकांना पेंटियम ४ च्या नॉर्थवूड चिपा आठवत असतील, १३० नॅनोमीटरच्या. १.५ व्होल्टच्या त्या चिपांना लोक १.७ च्या वर नेऊन खुशाल चालवायचे, तापमानही ठीक असायचं, आणि काही आठवडे-महिन्यांत चिप एक दिवस उठायचीच नाही. इतक्यांचं झालं की त्याला सडन नॉर्थवूड डेथ सिंड्रोम असं नावच पडलं. मला त्यातली तापमान ठीक असूनही ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण अजूनही लोक भारी कूलर लावला की व्होल्टेजची परवानगी मिळाली असं समजतात. कूलरने मदत होते, माफी मिळत नाही. ते लिक्विड नायट्रोजनवाले १.७-१.८ दाखवतात, त्यांची चिप उणे दीडशेच्या खाली असते आणि त्यांना ती अर्धा तास जगली तरी पुरते.

नवीन उदाहरणं तर अजून डोळे उघडणारी आहेत, कारण त्यात युजरने काही केलेलंच नव्हतं. २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी जळाल्याचे फोटो आले, सॉकेटच्या पिनांसकट करपलेले. तिथे मुद्दा व्हीकोअरचा नव्हताच, रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवायचं तयार सेटिंग) चालू केलं की मदरबोर्ड आपल्या मनाने एसओसी व्होल्टेज (कोअर सोडून मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं) वर नेत होते, एएमडीने मग बायोस अपडेट देऊन एसओसी १.३० ला बांधून टाकलं. आणि २०२४ मध्ये तुमच्याच घराण्याचं प्रकरण: इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप चिपा कारण नसताना क्रॅश व्हायला लागल्या, गेममध्ये "व्हिडिओ मेमरी संपली" असा भलताच मेसेज यायचा. इंटेलने कारण दिलं ते व्हीमिन शिफ्ट, म्हणजे कोअरमधल्या क्लॉक ट्री सर्किटला जास्त व्होल्टेज आणि तापमानात म्हातारपण येतं आणि किमान लागणारं व्होल्टेज वर सरकतं. वर जे डिग्रेडेशन सांगितलं तेच, फक्त कंपनीच्या सेटिंगवर. ०एक्स१२५, मग ऑगस्टमध्ये ०एक्स१२९, मग ०एक्स१२बी असे मायक्रोकोड आले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, त्या यादीत १३६००के पण आहे. म्हणून तुमच्यासाठी पहिलं काम व्होल्टेज नाही, बायोस. जुना असेल तर आधी अपडेट करा, बाकीचं नंतर. आणि अपडेट केल्यावर जुनं सेव्ह केलेलं प्रोफाइल लोड करू नका, आकडे हाताने परत भरा.

आकडे हवेतच म्हणता तर देतो, पण हे माझे आकडे आहेत, हातातून गेलेल्या मशीनवरून बनलेलं मत, आणि सगळे लोडमधले, सगळे कोअर चालू असतानाचे, रोजच्या वापराचे. सँडी ब्रिजच्या ३२ नॅनोमीटरला १.३५ ते १.४० निवांत चालायचं. आयव्ही ब्रिज-हॅसवेलला १.२५-१.३०, तिथे झाकणाखाली सोल्डरऐवजी पेस्ट असल्याने उष्णताच आधी हात धरायची (हॅसवेलमध्ये १.८ व्होल्ट दिसलं म्हणून दचकू नका, ते इनपुट व्होल्टेज, आतला रेग्युलेटर ते खाली उतरवतो). स्कायलेकपासून दहाव्या पिढीपर्यंत १.३५ च्या आत. बारावी ते चौदावी, १.२५ आणि फारच चांगलं कूलिंग असेल तर १.३०. पहिल्या रायझनला एएमडीने स्वतःच २०१७ मध्ये रोजच्यासाठी १.३५ सांगितलं होतं आणि १.४५ पर्यंत गेलात तर आयुष्यावर परिणाम होऊ शकतो असंही. रायझन ३००० आणि ५००० ला मी १.२५ च्या वर सगळ्या कोअरना फिक्स देत नाही, ७००० आणि पुढे त्याहूनही कमी. ५८००एक्स३डी, ७८००एक्स३डी सारख्यांमध्ये मल्टिप्लायर (क्लॉक वाढवायचं सेटिंग) लॉकच आहे, तिथे कर्व्ह ऑप्टिमायझरने (एएमडीचं व्होल्टेज कमी-जास्त करायचं सेटिंग) खाली जाण्यातच मजा आहे. ९८००एक्स३डी मध्ये कॅश कोअरच्या खाली गेल्याने लॉक उघडलंय, तरी मी तिलाही खालीच नेईन. कर्व्ह ऑप्टिमायझरची एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, उणे १५-२० पासून सुरू करा.

पण या आकड्यांपेक्षा तुमची चिप स्वतः काय सांगते ते जास्त खरं. सगळं डिफॉल्टला टाका, कंपनीच्या पॉवर लिमिटसकट, १३६००के साठी ती १८१ वॉट आहे. सिनेबेंच (सगळ्या कोअरना रेंडरचं काम देणारी टेस्ट) दहा मिनिटं फिरवा आणि लोडमधलं व्हीकोअर लिहून ठेवा. ते समजा १.२० आलं, तर कंपनीने याच चिपसाठी, वॉरंटी देऊन, एवढा ताण चालेल असं म्हटलंय. त्याच्यावर ५० मिलिव्होल्ट म्हणजे मी डोळे झाकून जाईन, ७५ पर्यंत विचार करून, १०० च्या वर नाही. हा नियम मला कुठल्याही पिढीला लावता येतो म्हणून आवडतो.

आणि वर जाऊन मिळतं काय तेही बघा. माझ्या हातातल्या एका १३६००के ला लोडमध्ये लागलेले आकडे असे होते: ५.१ ला १.२०, ५.२ ला १.२३, ५.३ ला १.२७, ५.४ ला १.३३, ५.५ ला १.४०. प्रत्येक वेळी वाढवले १०० मेगाहर्ट्झच, पण किंमत ३०, ४०, ६०, ७० मिलिव्होल्ट. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते आणि फ्रिक्वेन्सीने सरळ, म्हणजे १.२० ते १.४० मध्येच ३६ टक्के आणि फ्रिक्वेन्सीचे ८ टक्के धरून जवळपास ४७ टक्के जास्त उष्णता, मिळाले काय तर ८ टक्के क्लॉक, गेममध्ये त्यातले तीन-चार दिसले तरी नशीब. त्या चिपचा गुडघा ५.३ ला होता, तिथून पुढे चढण उभी. तुमचा पण ५.२-५.३ च्या आसपासच असेल.

अजून एक, या चिपांमध्ये पी-कोअर, ई-कोअर (छोटे, कमी वीज खाणारे कोअर) आणि रिंग (कोअरना जोडणारा आतला रस्ता) हे सगळे एकाच व्होल्टेजच्या लाइनवर आहेत. म्हणजे पी-कोअरच्या हौसेसाठी दिलेले १.४० बिचाऱ्या ई-कोअरना पण झेलावे लागतात, त्यांनी मागितलेले नसताना. फिक्स मोडमध्ये तर दिवसभर, ब्राउझर उघडा असतानाही. म्हणून ॲडॅप्टिव्ह किंवा ऑफसेट मोड (ज्यात व्होल्टेज कामाप्रमाणे बदलतं) वापरा, निष्क्रिय असताना खाली येऊ दे.

बाकीच्या व्होल्टेजबद्दल थोडक्यात: सिस्टिम एजंट म्हणजे एसए, व्हीडीडीक्यू, मेमरी कंट्रोलर (ही सगळी रॅमशी संबंधित व्होल्टेज), यातलं काहीही ऑटोवर सोडू नका. एक्सएमपी (एक्स्पोचाच इंटेलवाला भाऊ) चालू केलं की बोर्ड सेफ्टी म्हणून एसए १.३५ किंवा वर नेऊन ठेवतात, आणि बहुतेक डीडीआर५ किट १.२० च्या आसपास मजेत चालतात. तुम्ही व्हीकोअरवर डोकं घासताय आणि मागच्या दाराने एसए चढलेलं असतं, हे इतक्या वेळा बघितलंय की आता कोणाच्याही मशीनला बसलो की आधी तेच बघतो.

तर तुमच्यापुरतं: बायोस अपडेट, पी-कोअर ५.३, एलएलसी मधली, ॲडॅप्टिव्ह मोड, व्होल्टेज असं जुळवा की सिनेबेंचच्या लोडमध्ये १.२५ ते १.२७ दिसेल, पॉवर लिमिट अमर्याद न ठेवता १८१ किंवा फार तर २०० वॉट. स्थिर नसेल तर १० मिलिव्होल्टने वर या, १.२८ ला पोचूनही नाही झालं तर ५.२ करा आणि विषय सोडून द्या. टेस्टला फक्त सिनेबेंच नको, ते पास होऊनही गेममध्ये शेडर कंपाइल होताना पडलेल्या चिपा पाहिल्यात. वाय-क्रंचर किंवा ओसीसीटी या स्ट्रेस टेस्ट तासभर, नंतर दोन-तीन दिवस नेहमीचं काम, आणि रोज संध्याकाळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तो १९ नंबर शोधा. प्राइम९५ ची स्मॉल एफएफटी ही सगळ्यात जड टेस्ट, एव्हीएक्ससकट (चिपला जास्त ताण देणाऱ्या सूचनांसकट), मी आता दहा मिनिटांच्या वर चालवत नाही, स्थिरता तपासायच्या नादात सगळ्यात जास्त झीज तिथेच होते. ५.५ बघायचीच हौस असेल तर एक-दोन कोअर चालू असताना ५.५ आणि तीनच्या वर गेले की ५.३ असं कोअर-युसेजने लावा, आकडाही दिसतो आणि जिथे करंट मोठा असतो तिथे व्होल्टेज खाली राहतं.

आणि शेवटचं सेटिंग जमलं की एक कागद घ्या, तारीख टाका, ५.३ ला लोडमध्ये कमीत कमी किती व्होल्टवर टेस्ट पास झाली ते लिहा, खोलीचं तापमान पण. सहा महिन्यांनी तीच टेस्ट त्याच व्होल्टेजला परत. पास झाली तर तुमचं सेफ व्होल्टेज तुम्हाला सापडलं. नाही झाली तर व्होल्टेज वाढवू नका, ५.२ वर या.